यंत्रजिवानं तोरण तोडलं तवा

हसायचं असन त आत्ताच हसून घ्या, मधात हसू देनार नाही. माह्या हातून एक पुरा पिच्चर बुडाला. अन् तो बी साधासुधा नाही, विलायती कादंबरीवरचा.

साठ सालाच्या मागंपुढची गोष्ट. पोळा होऊन महिना झाला होता. मारेगावच्या बाहेर, माह्या वावराले लागून, मुंबईची कंपनी उतरली. डायरेक्टर साहेब बारीक अंगाचे, चष्मेवाले, काखेत सदा ती कादंबरी. विलायतेत म्हने आज्याच्या काळात लिहेल, साऱ्या जगात गाजेल. दुसऱ्या ग्रहावरून एक लोखंडी यंत्रजीव उजाड माळावर उतरते अन् मानसाच्या गावात घुसते, अशी त्याची कथा.

साहेबानं आमच्या बरडावर नजर फिरवली अन् म्हने, "वा! मला अगदी अशीच जमीन हवी होती. जिथे कधी काही उगवलंच नाही अशी."

म्या म्हटलं, "साहेब, इथं माही ज्वारी होते."

पन साहेबाचं नशीबच खोटं. हिरो तापानं फनफनला अन् वापस गेला. हिरोईनीच्या चपलेत इच्चू निघाला, तिनं त्याच दिवशी एस्टी धरली. राह्यला यंत्रजीव. दोन पुरुष उंच, पत्र्याचा, डोक्यावर लांब शिंग, पोटात मोटर. ती मोटर पह्यल्याच दिवशी जळाली. अन् इकडं पैसे लावनारा शेठ मुंबईहून निघाला. त्यानं निरोप धाडला का मले एक शॉट दाखव, पटला त ठीक, नाही त गाशा गुंडाळ. कॅमेऱ्यात घालाची फिलिम एकच डबा उरली होती. साहेबाले दोन घास जाईनात. आठ वर्षं तो मानूस ह्या एका पिच्चरसाठी झुरून राह्यला होता, मले लय वाईट वाटलं.

म्या म्हटलं, "साहेब, मोटर कायले पाह्यजे? पत्र्याच्या आत माही बैलबंडी घाला. माहे बैल चांद्या-बांड्या ओढतीन. भाएरून बैल दिसलेच नाही म्हंजे झालं."

"आणि हाकणार कोण?"

"मी."

साहेबानं माह्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे यंत्रजीव तुम्हीच."

बस. तिथून माहे पाय जमिनीवर राह्यलेच नाही. साऱ्या बाजारात सांगत फिरलो. न्हाव्याकडं जाऊन मिशी कोरून आलो. बायको, गंगी म्हने, "अवो, तुमी त पत्र्याच्या आत बसान. मिशी कोनाले दिसनार हाय?"

"तुले पिच्चरमधलं काय समजते?" म्या म्हटलं.

अन् मंग मले ती अक्कल सुचली. ऐका बरं, सारा घोटाळा इथंच हाय.

साहेबाले फिकीर होती का ही विलायती गोष्ट आपल्या लोकाले आपली कशी वाटावी. म्या म्हटलं, "सोपं हाय. आभाळातला असला तरी पाहुनाच ना तो? गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानाचं तोरन बांधू. लोकं सामोर जातीन, डफडं वाजवतीन."

साहेब खुर्चीतून उठलेच. "आणि तो यंत्रजीव शिंगानं तोरण तोडून आत घुसेल! हे तर कादंबरीतसुद्धा नाही हो!"

सारं गाव तिथं हजर होतं. साऱ्याइनं मान डोलवली. आता तुमी सांगा, आमी शेतकरी मानसं, जनम बैलाच्या शेपटीमांगं गेला. पन एकाच्याबी ध्यानात आलं नाही. सारे पिच्चरचा इचार करून राह्यले होते. पोळ्याचा इचार फक्त बैलाइनं केला.

शेठ आला. जाडा, गंभीर, छत्रीखाली खुर्चीवर बसला. मी पत्र्याच्या पोटात, घामानं न्हाऊन. साहेबानं हाक देली, चांद्या-बांड्या धिम्या चालीनं निंगाले. काय सांगू, आतमधी माह्या अंगावर काटा आला. फटीतून पाह्यलं त साहेबाचे दोन्ही हात जोडेल.

डफडं वाजलं. वरचं शिंग तोरनात अडकलं अन् तोरन तुटलं.

लोकाले सांगून ठेवलं होतं का भ्या, कल्ला करा. त्याइनं केला. पन तुटेल तोरन पाहून तोंडातून निंगालं तेच, जे दर सालं निंगते. "हर बोला हर हर महादेव!"

पोळा फुटला ना बाप्पा!

बांड्यानं असा झटका देला का मी मांगच्या पत्र्यावर जाऊन आदळलो. लहानपनापासून त्याले एकच ठावं, तोरन तुटलं का घराकडं पळाचं, तिथं पुरनपोळी हाय. शेठच्या छत्रीवरून गेलो, कॅमेऱ्यासाठी चुन्यानं आखेल रेघा मोडल्या. एकएक पत्रा गळून राह्यला होता, मी आतून "हो बांड्या, हो रे राजा" करून राह्यलो अन् कॅमेरावाला इमानदारीनं फिरवूनच राह्यला.

बैलं सिद्धे आमच्या दारात थांबले. उंबऱ्यावर तोंड ठेवलं अन् वाट पाहू लागले. गंगी भाएर आली.

"गंगे, भेऊ नको, मी हाय."

"तुमी होय ते दिसून राह्यलं. पन याइले पुरन कुठून आनू? आज काय सन हाय?"

तिनं भाकर पुढं केली. बांड्यानं वास घेतला अन् तोंड फिरवलं.

साहेब धापा टाकत आले, ओट्यावर बसले, कादंबरी बाजूले ठेवली. "संपलं," एवढंच म्हनले. त्याईचं तोंड पाहून मलेच रडू फुटलं. म्या पाय धरले. तेवढ्यात कराकरा आवाज आला. पाह्यतो त काय, बांड्या कादंबरी खाऊन राह्यला. निम्मी त गेलीच होती.

साहेब पाहत राह्यले. मंग हळूच म्हनले, "शेठला जी पचली नाही, ती यानं पचवली." अन् जे हसले, जे हसले, का गंगीनं पानी आनून देलं.

मांगून शेठ आला, डोळे पुसत. तोही हसूनच राह्यला होता. म्हने, "तुझा यंत्रजीव मला नको. पण ही दौड मी सोडणार नाही."

कादंबरीचा पिच्चर तिथंच बंद पडला. पन शेठनं साहेबाले देवाधर्माचा पिच्चर देला अन् त्यात आमची दौड राक्षसाचा रथ म्हनून लावली. मारेगावले टुरिंग टॉकीज आलं तवा लोकं उभे राहून वरडले, "बांड्या! बांड्या!" साहेबाचा जम बसला, मले हायसं वाटलं. पन पडद्यावर माही मिशी काही दिसली नाही.

दुसऱ्या सालं कंपनीचा मानूस गावात आला. नव्या पिच्चरसाठी. म्या मिशी कोरली, नवी टोपी घातली, दारात उभा राह्यलो. तो मले ओलांडून सिद्धा गोठ्यात गेला. बांड्याले पुढून पाह्यलं, बाजूनं पाह्यलं, मान डोलवली. मंग माह्याकडं वळून म्हने, "आपण कोण?"

म्या टोपी काढली. म्हटलं, "मी होय जी, बांड्याचा गडी."