नूरभाईचा दिवा माझ्या खिडकीत राहिला

शेवटच्या संध्याकाळी आम्ही भांडलोच. माझा टेपरेकॉर्डर खरखरायला लागला म्हणून माझा दोस्त नूरभाई वायरमन शहागंजातून पिशवी घेऊनच चहाला आला होता. त्याच्या पिशवीत एक दिवा कायम असायचा. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, बस्स. करंट कुठं आहे, अर्थिंग खरं का खोटं, सगळं तो दिवा सांगायचा. तोच दिवा लावून त्यानं माझा प्लग तपासला, टेप उघडून पुसला, लावला. जुनं गाणं सुरू झालं आणि मी म्हणलो, "काय पेटी वाजवलीय!"

"पेटी? अकॉर्डियन है वो, भानू! कान में रुई डालके बैठा क्या रे?"

"सिनेमात हिरोच्या हातात पेटी होती. मी डोळ्यानं बघितलीय."

"पर्दे पे तो हिरो गाता भी दिखता. गाया क्या उनो?"

चहा गार झाला. मग नेहमीसारखा तो वायरिंगवर घसरला. पूर्वी वायर भिंतीवरून पट्टीपट्टीनं जायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आता सगळं भिंतीत पुरतात, मिस्त्रीनं काय केलं ते खुदालाच माहीत. जाताना म्हणला, "कल मुकुंदवाडी जाना है, शबाना के घर. कूलर करंट मारता बोल रही."

तो कोपऱ्यावर गेला तेव्हा मला खिडकीत त्याचा दिवा दिसला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण म्हणलं, उद्या चहाला येईलच की, आता कोण ओरडतंय...

मी चौथी शिकलेला माणूस. वाळूजला मशीनवर जिंदगी गेली. माझी बायको गेली तेव्हा लोक चार दिवस आले. नूरभाई मात्र त्यानंतर रोज आला. "वहिनी की चाय तेरे को नहीं जमती," असं रोज म्हणायचा आणि रोज दोन कप प्यायचा. तिचं नाव मी घेतलं की सिनेमाचं काहीतरी काढायचा. मला रडू द्यायचं नाय, एवढंच त्याच्या डोक्यात. हे मला आता कळतंय.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी त्याच्या लेकीचा, शबानाचा फोन आला. तिनं फरशी नुकतीच पुसली होती. बापानं चपला दारात काढल्या, पिशवीत दिवा शोधला, सापडला नाय. मग त्यानं कूलरला हाताची मागची बाजू लावली. वायरमन लोक तसंच करतात, म्हणजे बोटं चिकटत नाहीत. बोटं चिकटली नाहीत. पण फरशी ओली, पाय अनवाणी... मागं पडला तो उठलाच नाय.

मातीला गेलो तर तिथं लोकांनी काय बोलावं? "वायरमन असून शॉकनं गेला!" कोणी कोणी तर हसू दाबत होते. ज्यांच्या घरात त्यानं उजेड दिला तेच! शबानाचं नवं घर बांधणारा गुत्तेदार टोपी घालून उभा होता. म्हणला, "म्हातारपणी ध्यान राहत नाय हो. विसरला असंल. माझ्या कामात अर्थिंग एक नंबर असतं." विसरला? चाळीस वर्षांत त्या माणसानं पाहिल्याशिवाय तारेला बोट लावलं नाय. हसले त्यांनी वाचावं म्हणून हे पेपरात देतोय.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दिवा पिशवीत घातला आणि मुकुंदवाडीला गेलो. शबानाला सांगून गुत्तेदाराला बोलावून घेतलं. दिव्याची एक वायर कूलरच्या प्लगमधल्या करंटच्या भोकात घातली, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या. दिवा लागला नाय.

"बल्ब उडाला असंल, काका," गुत्तेदार म्हणला.

दुसरी वायर तिथून काढून खालच्या न्यूट्रलच्या भोकात घातली. दिवा भक्कन लागला, म्हणजे बल्ब धड होता, अर्थिंगच नव्हतं. सगळ्या खोल्यांत तेच. जावयानं एक बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर दोन बोटं लांब, आत मुडपून ठेवलेली. पुढं काहीच नाय.

"म्हातारा तपासायला विसरला नव्हता," मी म्हणलो. "दिवा माझ्या घरी राहिला होता. बघूनही मी हाक मारली नाय. आणि तू विसरला नाहीस, तू चोरी केलीस."

मी म्हणलो, अर्थिंगचा खड्डा खण. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं आण. मी दिवा मांडीवर घेऊन अंगणात बसलो. शबाना चहा घेऊन आली, तो तसाच गार झाला. अर्थिंगच्या भोकात दिवा लागेपर्यंत मी तिथून हललो नाय.