अंगणातली धावपट्टी

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, पुढं मेंढरांमागं. विमानातलं मला काही कळतं असं मी म्हणत न्हाई. पण विमान उतरायच्या आधी कसं कसं वळतं, ते मी माझ्या पायांनी चाललेलो हाय. इथंच, धारूरच्या डोंगरात, आमच्या अंगणात.

नात शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकत होती. शाळा लांब, दोन एसट्या बदलून जावं लागायचं. दिवाळीच्या आधी तिच्या खोलीतली एक पोरगी एकटी विमान घेऊन वर गेली आन् उतरताना पडली. गेली. त्यानंतर आमची घरी आली.

"काहून आलीस?" मी इचारलं.

"सरांनी पाठवलं. चालायला."

मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिनं समजावलं. विमान सरळ येऊन टेकत न्हाई. पट्टीच्या बाजूनं लांब जातं, मग एक वळण घेतं, आन् पट्टीसमोर यायला आणखी एक. त्या शेवटच्या वळणात मैत्रिणीचं विमान पट्टीची रेघ ओलांडून गेलं. तिनं ते ओढून आत घ्यायला बघितलं. विमान आधीच हळू झालेलं, पंखाखालचा वाऱ्याचा आधार गेला आन् ते कलंडलं. अशा वेळी ओढायचं न्हाई. सरळ करून वर निघून जायचं, नव्यानं फेरी मारायची. तेव्हापासून मास्तरांनी नेम केला की ही फेरी हरेकानं आधी जमिनीवर चालायची, आपण कुठं हाय ते मोठ्यानं बोलायचं, आन् दुसरं विमान म्हणून एक माणूस संगं घ्यायचं. अंगात मुरलं की मास्तर वर नेऊन बघणार. तिथं जमलं तर शिकणं पुढं, न्हाईतर घरी.

लेक मेंढरांमागं, सून चुलीपुढं. दुसरं विमान मी झालो.

भिंतीला लावायच्या चुन्यानं तिनं पट्टी आखली, भोवती फेरी आखली. पहिल्याच दिवशी भांडण. दोघंबी पट्टीसमोर एकदमच आलो.

"आबा, थांबा. मी तुमच्या खाली हाय. खालचं विमान आदी, म्हणून मी उतरणार."

"मी आदी आलतो. मी कुणासाठी थांबत नसतो."

"मग मेलो आपण दोघंबी."

"मरू. पण मी सरणार न्हाई."

ती तिथंच बसली आन् हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मी थांबलो. तिच्या हसण्यासाठी थांबलो, कुणाच्या नियमासाठी न्हाई.

डोक्याला पटका, हातात काठी, आन् मी ओरडत चाललोय, "डावीकडं वळतोय!" शेजारचा माझ्याच वयाचा गडी. तो भिंतीवरून म्हणाला, "काय बे म्हाताऱ्या, इमान कुठं उतरवणार?"

"तुझ्या टाळूवर. लई सपाट हाय."

पण शेवटच्या वळणाला पोरीचे पाय अडायचे. तिथवर आवाज खणखणीत, आन् तिथं आली की गप. "रेघ ओलांडली तर ओलांडू दे," मी म्हणायचो. "वर उचल आन् परत ये." ती मान हलवायची आन् घरात निघून जायची. पुढं पुढं ते वळण चालून जायला लागली, पण डोळे मिटून. मला वाटलं, जमलं.

मास्तर वर नेणार त्या दिवशी मीबी गेलतो. तारेच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली बसलो. हरेक वळण मला पाठ. शेवटच्या वळणात विमान रेघेच्या पुढं गेलं तसा मी उठलो. "ओढू नको, माय!" ते ओढलं न्हाई. सरळ झालं, आवाज वाढला आन् वर निघून गेलं.

शेजारी चहावाला होता. म्हणाला, "उतरता आलं न्हाई वाटतं."

"येड्या, अशा वेळी न उतरणं हेच शिकवलंय तिला. माझी नात हाय ती!"

दुसऱ्या फेरीला विमान फुलासारखं टेकलं. मी पटका नीट बांधला आन् शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ती आली. तोंडावर रंग न्हवता.

"लई बेस उचललंस," मी म्हणालो.

"मी न्हाई, आबा. दोन्ही बारीला सरच चालवत होते. वळण आलं आन् माझे डोळे मिटले. विमान वळवायच्या दांड्यावर माझे हातच न्हवते."

मास्तर मागून आले. भला माणूस. म्हणाले, "बाबा, हिला एकटीला वर सोडायचं बळ माझ्यात न्हाई." मी म्हणालो, अजून थोडे दिवस चालवतो, परत बघा. जन्मात कुणापुढं जोडले नसतील ते हात मी जोडले. त्यांनीबी जोडले. मी पोरीला घेऊन एसटी धरली.

नात आता घरीच असते. तिच्या बरोबरीची पोरं तशीच चालून वर गेली, एकटी गेली, नीट उतरली, असं तीच सांगते. म्हणजे शिकवणं खोटं न्हाई. मग आमच्याच पोरीला ते का पुरलं न्हाई? मला कळत न्हाई आन् पटतबी न्हाई.

मेंढरं चुना तुडवतात. मी परत आखतो. सून म्हणते, "मामा, जाऊ द्या ना ते पुसून." मी ऐकत न्हाई. दिवस कलला की फेरी धरतो, मोठ्यानं बोलतो, आन् पट्टीसमोर आलो की थांबतो. मी खाली हाय, असं तिनं म्हणावं म्हणून. ती मेंढरांना पाणी घेऊन तिथूनच जाते. चुन्याच्या रेघेपाशी पाय उचलते, पलीकडं टाकते, आन् मेंढरांच्या वाड्यात शिरते.