तीन पायांचं बाळ

इरा आणि कबीर,

आजोबांना जाऊन दीड महिना झाला. परवा माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हा दोघांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून आजच लिहायला बसले. इरा, तू वाच. कबीर मोठा झाला की त्यालाही वाचून दाखव.

आपल्या लातूरच्या घरी आजोबांच्या टेबलावर ठेवलेलं तपकिरी चित्र तुला आठवत असेल. मांडीवर बाळ येशूला घेतलेली मेरी. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी खडूनं काढलेल्या चित्राची ती छापील प्रत. आजोबांचं नि माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी ती नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून आणली. "घेऊन जा मास्तर, लेकराला तीन पाय हायेत, कोण घेतंय त्याला?" असं म्हणून त्यानं ती आजोबांनी घेतलेल्या जुन्या पुस्तकांवर तशीच ठेवून दिली. चित्रकारानं एक पाय आधी दुमडलेला काढला, मग मन बदलून सरळ काढला, आणि पहिला खोडलाच नाही. चित्रकला शिकवायचे आजोबा, मी इंग्रजी शिकवणारी, मला हे कुठलं ठाऊक! वाटलं, त्यांच्या वर्गातल्या पोरांनी गिरगटलंय. रबर घेऊन बसले. आजोबा शाळेतून आले तोवर कागदाचा पापुद्रा निघाला होता. वाटलं, आता रागावतील, तर हे खुर्चीत बसून हसायलाच लागले. "पाचशे वर्षं कुणाला खोडता आलं न्हाई, अन् तू पाच पैशाच्या रबरानं खोडायलीस? छापील हाय ते!" तेव्हापासून त्या चित्रातली प्रत्येक रेघ मी छापील समजत आले.

गेल्या दिवाळीनंतर पक्षाघातानं आजोबांचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी डाव्या हातानं रेघा मारायला सांगितल्या. मी नवी वही आणून दिली. ते रोज दुपारी ते चित्र मांडीवर घेऊन बसत आणि संध्याकाळी पाहावं तर वही कोरी. एकदा मी चिडले, "पेन्सिल निम्मी झिजली अन् वही कोरीच? पेन्सिल खाता की काय?" अडखळत म्हणाले, "झाला... बाईंचा तास सुरू झाला." कबीर तेव्हा जेमतेम महिन्याचा होता. रविवारी तुमच्या बाबानं व्हिडिओ कॉलवर कबीरला दाखवलं की यांचं एकच, "तोंड राहू दे रे... पाय दाखव."

परवा टेबल आवरताना चित्रावर धूळ दिसली. ओलसर फडकं फिरवलं, आणि बाळाच्या पायांपाशी फडक्याला काळं लागलं. छापील रेघ कधी फडक्याला लागते का? मी हात थांबवला, चष्मा लावला, पाय मोजले. चार होते. चौथा लहानसा, कापऱ्या रेघांचा... त्याची टाच माझ्या फडक्यात आली होती.

मी रडले, फडकं धुतलं नाही. चित्र आता काचेमागे आहे. टाच गेली. पाच बोटं शाबूत आहेत, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, कबीर, तुझी आहे तशीच.