कांबळीबाईंची दहावी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोन-चारदा ओठांवर आलं होतं, पण मग चहा आला, विषय बदलला — आणि मला तेच हवं होतं. आज तुम्हाला सांगतो.

नायगावातली आमची शाळा तेव्हा विनाअनुदानित होती. सरकारी पगार नाही, संस्था देईल ते मानधन, तेही तिला आठवलं तर. मुलगी बघायला गेलो की पोह्यांच्या आधी प्रश्न यायचा — शाळेला अनुदान आहे का हो? नाही म्हटलं की चहा लवकर यायचा.

त्याच मानधनावर कांबळीबाई दहावीला गणित शिकवायच्या. कसं शिकवायच्या म्हणून सांगू? मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत. मी मराठीचा मास्तर, आयुष्यभर गणिताला घाबरलेला. पण मोकळा तास असला की त्यांच्या दाराबाहेर रेंगाळायचो. असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

अनुदानासाठी काळ्या फिती लावून शिकवायचं ठरलं. कल्पना — हे नीट ऐका — माझी होती. रिबीनही मीच दादरहून आणली. बाई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "लावूया. पण तास एकही बुडायचा नाही. पगार मागायचा तर ताठ मानेनं मागायचा, सर."

संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. माझी कायम नेमणूक त्यांच्या सहीसाठी अडकली होती. फीत मी कधी काढली ते आठवत नाही — नाही, आठवतं. जिन्यात काढली. हे डोकं कुणाचं, एवढंच त्यांनी विचारलं.

"कांबळीबाईंचं, साहेब. आम्हाला नाही म्हणवलं नाही."

बाईंकडून दहावी काढून त्यांना पाचवी दिली. त्यांच्या जागी दहावीचा वर्गशिक्षक मी झालो, आणि कायमही झालो. सेक्रेटरींनी बाईंनाही विचारलं असणारच ना? त्यांनी माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी फीत लावूनच त्या पाचवीला अपूर्णांक शिकवायला उभ्या राहिल्या. पुढे त्या आझाद मैदानात धरण्यालाही बसायच्या, पण शाळा सुटल्यावर. अनुदान आलं ते अशा माणसांमुळे. आज आमच्या तरुण शिक्षकांना बरा पगार मिळतो, सोसायटीत लोक आधी नमस्कार करतात. निरोप समारंभांतून मी बाईंचं कौतुक करतो. अगदी मनापासून करतो.

पण मला सांगायचं आहे ते अजून सांगितलेलंच नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि मुलं रोज विचारायची, बाई का येत नाहीत? संस्थेनं काढलं म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता — का? म्हणून मी म्हणालो, बाईंनीच सोडली दहावी. त्याच पैशात पाचवीला त्रास कमी.

मुलांना ते खरं वाटलं. का नाही वाटणार? सर सांगत होते. मग बाई व्हरांड्यातून जायला लागल्या की ती पोरं पाठ फिरवायची. बाई दाराशी थांबायच्या, एकेकाला नावानं हाक मारून अभ्यास कुठवर आला विचारायच्या. पोरं वह्यांत डोकं खुपसायची. मी फळ्यापाशी उभा असायचो, आणि त्या पुढे गेल्या की धडा सुरू करायचो.