जिवंत माल, दोन ते आठ डिग्री

नोकरीला दोन वर्षं होत नाहीत तोवर इतकं साठलंय की ऐकणाऱ्याला वाटतं, मी रचून सांगते. रचायला वेळ कुठाय! भिवंडीजवळ दापोड्यातल्या एका गोडाऊनमध्ये मी फार्मासिस्ट आहे. कोल्ड रूममध्ये प्रोबायोटिक पावडरची पाकिटं असतात. आत जिवंत बॅक्टेरिया! तापमान दोन ते आठ डिग्री. त्याच्या वर गेलं की ते मरायला लागतात, आणि कागदावर सही माझी असते.

हमालांचे मुकादम सलीमभाई कोल्ड रूमचं दार सताड उघडं ठेवायचे. दहादा सांगितलं. शेवटी मी ओरडलेच, तर म्हणाले,

"मॅडम, जिंदा चीज है ना? हवा तो लगनी चाहिए!"

गोडाऊनच्या गाळ्याचे मालक तात्या, जवळच्याच अंजूर गावचे. पाकिटावर 'अँटिऑक्सिडंट, वाढत्या वयासाठी' असं वाचल्यापासून रोज माझं डोकं खायचे. मी समजावलं, "लोखंड गंजतं ना, तशी झीज शरीरातही होते. हे बॅक्टेरिया ती रोखतात का, याचा अभ्यास चाललाय. बराचसा उंदरांवर."

तात्या भडकले. "गोडाऊनमधले उंदीर आधीच मरत न्हाईत, त्यांना अजून कशाला जगवता?"

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सॅम्पलची पाकिटं महिनाभर घेतली. मग तक्रार. "काय फरक न्हाय. तोंड हाय तसंच हाय." कशातून घेता, विचारलं. उकळत्या चहातून! मी कपाळावर हात मारला. "अहो काकू, चहात मरतात ते!"

"मंग काय जित्ते गिळू?"

तात्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर वीस वर्षांपूर्वीचा फोटो. एवढे तरुण कसे, असं कोणी विचारलं की यांचं बोट आमच्या गोडाऊनकडे! दुसऱ्या दिवशी गेटवर सात बायका. इथे किरकोळ विक्री नाही, असं सांगून घसा बसला.

"बघा, स्वतः खाते," एक म्हणाली, "म्हणून कालेजातली पोर दिसते!"

लग्नानंतर पहिल्यांदा कोणी माझ्या दिसण्याबद्दल चांगलं बोललं, तेही भांडताना.

आणि गेला दसरा. दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब तपासणीला यायचे होते. आधी एकदा तापमान चढलं होतं. आता पुन्हा चढलं तर घरी बसा, असं मला स्पष्ट सांगितलेलं. म्हणून सुट्टी असूनही दुपारी बघायला गेले.

कूलिंगच्या मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ. आणि मशीन बंद! काटा सव्वीसवर.

"वर्षभर राबतंय बिचारं," तात्या म्हणाले. "दसऱ्याला मशीन बंद ठेवायची आमची रीत हाय."

"कधीपासून बंद आहे?"

"सकाळच्याला पूजा झाली तवापासून."

मला एकदम रडूच आलं. "तात्या, सगळे मेले हो! माझी नोकरी गेली!"

तात्यांनी टोपी काढली. खोक्यांच्या थप्पीकडे बघून हात जोडले.

"दसऱ्याच्या दिशी गेले. नशीबवान हायेत!"