पूर्ण तिकीट

सटाण्याहून नाशिकला येणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीचे, कांदा पिकवणारे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. पलीकडे खिडकीशी त्यांची बायको. त्यांच्या मोबाइलवर एका तरुण पुढाऱ्याचं भाषण चालू होतं. सरकारनं बाजारातून बाहेर पडावं, माणसाला मोकळं सोडावं, असं तो सांगत होता. प्रत्येक वाक्याला ते बोटानं गुडघ्यावर ठोका देत होते.

"पटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"निर्यातबंदी आली तवापासून मी हेच बोलतोय. लोक हसायचे. आता याच बोलण्याला सभेत टाळ्या पडतात."

तेवढ्यात कंडक्टर आला. "बाबा, आधार कार्ड दाखवा. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे."

"मला पूर्ण द्या."

"कार्ड घरी राहिलं का?"

त्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवलं आणि परत ठेवलं. "कार्ड हाय, सवलत नको. सरकारनं माझ्या कांद्यात हात घालू नये म्हणतो, मग मी सरकारच्या खिशात कसा घालू?"

"मला मात्र बायांचं अर्धंच द्या हो," बायको म्हणाली.

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. "तिचं तिनं ठरवायचं," ते शांतपणे म्हणाले.

मग कंडक्टर माझ्याकडे वळला. मी निवृत्त सरकारी शिक्षक, वय सदुसष्ट. कार्ड केव्हाचं हातात तयार होतं. ते पुढे करताना मला उगाच अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान वळवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.