चमचेवाल्याची कोठडी

साडेनऊच्या लाँचवर गाईडबाईंनी डोकी मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली तर एक्केचाळीस. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, सुटलात का? दीडला शार्कना खाऊ घालतात, तो कार्यक्रम चुकला तर लोक माझ्या डोक्यावर बसतात."

"सुटतोय," त्या म्हणाल्या आणि बेचाळीस धरून चालल्या.

गेली चार वर्षं हे असंच चाललं होतं. किनाऱ्यावर मत्स्यालय झालं आणि सहल कंपनीने एकच तिकीट काढलं, सकाळी जुन्या तुरुंगाचं बेट, दुपारी मासे. पूर्वी गाईडबाई तुरुंग दाखवायला अडीच तास घ्यायच्या. आता पन्नास मिनिटं. त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत जायची आणि दहा फोटोंत. उरलेल्या अर्ध्या तासात लोकांना एकच गोष्ट बघायची असायची, दोनशे चौदा नंबरची कोठडी.

त्या कोठडीचं सगळं दुखणं गाईडबाईंनी स्वतःच ओढवून घेतलेलं होतं.

तेवीस वर्षांपूर्वी त्या या नोकरीत नवीन होत्या. त्याआधी अकरा वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरीत कॉम्प्युटर आले आणि टायपिस्टना नारळ मिळाला. आवाज खणखणीत म्हणून सहल कंपनीने त्यांना घेतलं. तिसऱ्याच आठवड्यात एक गट असा आला की कोणी ऐकेचना. दुपारचं ऊन, दगडी जिने, सगळे जांभया देतायत. एक गृहस्थ तर तोंडावर म्हणाले, "बाई, हे सगळं शाळेत झालंय आमचं." गाईडबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर दोनशे चौदाचं दार उघडं होतं. आत खिडकीखाली भिंतीत हातभर खोल खबदाड होतं. गवंड्याने कधीतरी नळ टाकायला फोडलं आणि काम अर्धवट टाकून गेला, असं बेटावरच्या जुन्या रखवालदाराने त्यांना सांगितलं होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. आपण काय बोलतोय हे त्यांना बोलून झाल्यावरच कळलं. "या कोठडीतल्या कैद्याने जेवणाच्या चमच्याने सात वर्षं ही भिंत खोदली. आणि एका पहाटे तो समुद्रात उतरला. शार्क होते, भरती होती. पण ना त्याचं प्रेत सापडलं, ना तो सापडला."

जांभया थांबल्या. शाळेत सगळं झालेले गृहस्थ खबदाडात डोकं घालून बघायला लागले. खाली उतरताना टाळ्या पडल्या.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा तेव्हा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघंही पोट धरून हसले. "हातभर भिंतीला सात वर्षं?" तो म्हणाला. "सरकारी कैदी दिसतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. तिसऱ्या दिवशीही. वर्षभरात दुसरे गाईडही सांगू लागले आणि कैद्याचं नाव चमचेवाला पडलं. आठ वर्षांनी कोठडीबाहेर पितळी पाटी लागली. मग धक्क्यावरच्या दुकानात चमचे विकायला आले. मत्स्यालय झालं तेव्हा शार्कच्या टाकीसमोर पोहणाऱ्या माणसाचं मोठं चित्र रंगवलं, 'चमचेवाला यांच्यामधूनच निसटला!' तुरुंग आणि मासे एका तिकिटात बसवायला कंपनीला जो दुवा हवा होता, तो तयारच होता.

एवढंच असतं तर गाईडबाईंनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण बारा वर्षांपूर्वी बेटावरची दप्तराची खोली साफ करून उघडली. सोमवारी तुरुंग बंद असतो. सुट्टीच्या त्या दिवशी सामानाच्या लाँचने जाऊन त्या जुन्या नोंदवह्या वाचू लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पगार मिळत नव्हता, पण गोडी लागली. आणि एका सोमवारी दोनशे चौदाची ओळ सापडली. वय सत्तावीस. धंदा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे. गुन्हा, बंदी असलेली पत्रकं छापणे. शेवटच्या रकान्यात, ताप येऊन तुरुंगाच्या दवाखान्यात मयत.

त्यांनी तेव्हाच्या मॅनेजरला सांगितलं, "साहेब, ही चमच्याची गोष्ट बंद करू या. त्या कोठडीतला माणूस खरा होता."

"लोकांना आवडते ना?" मॅनेजर म्हणाला. "मग तुम्हाला काय त्रास आहे?"

त्रास होता, पण नोकरीही होती. त्या गप्प बसल्या. पुढे मॅनेजर बदलला, गोष्ट तशीच राहिली.

तर त्या दिवशी लाँच सुटल्यावर एक म्हातारी बाई काठी टेकत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ, केस घट्ट बांधलेले. मागे सून मोबाईलवर समुद्राचं चित्रण करत होती.

"अगं, तूच माहिती सांगतेस ना?" म्हातारीने विचारलं. "मला फक्त दोनशे चौदा बघायचंय. बाकी काही नको."

"सगळ्यांना तेच बघायचं असतं, मावशी."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. माझा मामा होता तिथे."

म्हातारीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. कडा विरलेल्या, मध्ये चिकटपट्टी. त्यावर एक नाव आणि खाली आकडा, दोनशे चौदा. "आईचा धाकटा भाऊ. छापखान्यात होता. मी चार वर्षांची होते. त्याच्या बोटांना शाईचा वास यायचा, एवढंच आठवतं. वारला म्हणून तोंडी निरोप आला, कागद नाही की काही नाही. आईने विश्वासच ठेवला नाही. मरेपर्यंत तिने रोज एका माणसाचं जेवण जास्त केलं. आम्ही तिला वेड्यात काढायचो गं." तिने सुनेकडे मान वळवली. "आणि मागच्या महिन्यात हिने मोबाईलवर दाखवलं. दोनशे चौदामधला माणूस पळाला! सापडलाच नाही! म्हणजे आईचंच खरं होतं."

गाईडबाई तिच्याकडे वळल्या. "मावशी, ऐका—"

"बाई, बेटावर चहा मिळेल का?" मागून कोणीतरी ओरडलं. दुसऱ्याला उलटी होत होती. तिसऱ्याची टोपी पाण्यात पडली होती आणि कंपनीने ती काढून द्यावी असा त्याचा आग्रह होता. तेवढ्यात धक्का आला.

बेटावर त्यांनी चारदा प्रयत्न केला. फाटकापाशी म्हातारीला बाजूला घेतलं, तर मॅनेजरचा फोन. अंगणात गाठलं, तर दोन कुटुंबांची फोटोवरून जुंपली. जिन्यावर म्हातारीला हात देताना त्या म्हणाल्या, "मावशी, त्या पाटीवर जे लिहिलंय ना, ते..." तर सून पुढून म्हणाली, "बाई, मध्ये येऊ नका, चित्रात दिसता." चौथ्यांदा त्यांनी तोंड उघडलं तेव्हा म्हातारी कोठडीत शिरली होती.

ती हळूहळू खिडकीपाशी गेली. काठी सुनेकडे दिली आणि उजवा हात खबदाडात कोपरापर्यंत घातला. मग वळून मोठ्याने म्हणाली, "इथून गेला माझा मामा."

सगळ्या गटाने टाळ्या वाजवल्या. कोणी तिच्यासोबत फोटो काढला. एकाने विचारलं, "आजी, चमचा तुमच्या घरचा होता का?" आणि सगळे हसले, म्हातारीही हसली. गाईडबाई दारात उभ्या होत्या. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण एवढ्या लोकांसमोर तिला तोंडघशी कसं पाडायचं? खाली लाँचने भोंगा दिला. पन्नास मिनिटं संपली होती.

परतीच्या लाँचवर म्हातारी थकून झोपली. तिला उठवायचा त्यांना धीर झाला नाही. की उठवायचं नव्हतंच, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

मत्स्यालयात दीडचा कार्यक्रम सुरू झाला. पाणबुड्या टाकीत उतरला, पोरंटोरं काचेला नाकं लावून उभी राहिली, सून गर्दीत घुसली. म्हातारी मागच्या बाकावर बसून भिंतीवरच्या त्या पोहणाऱ्या माणसाकडे बघत होती. गाईडबाई शेजारी बसल्या आणि यावेळी थांबल्या नाहीत.

"मावशी, ती गोष्ट खोटी आहे. मीच रचली. लोक कंटाळले होते म्हणून. ते खबदाड गवंड्याने पाडलेलं आहे."

काचेपलीकडे मोठा मासा वळला, पोरं किंचाळली.

"तुमचे मामा तापाने गेले. तुरुंगाच्या दवाखान्यात. नोंद आहे. मी वाचली आहे."

"कधी?"

"त्यांना आत येऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा—"

"ते नाही. तुम्ही कधी वाचलं?"

लाँचवर 'अगं' होतं, त्याचं 'तुम्ही' झालं होतं.

"बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं," म्हातारी म्हणाली. "आणि आज सकाळपर्यंत रोज सांगत होतात."

"कंपनी ऐकत नाही, मावशी. मी सांगितलं होतं—"

"किती वेळा?"

गाईडबाईंनी खरं तेच सांगितलं. "एकदा."

म्हातारीने काठी घेतली आणि उठली. पुन्हा बसली. गाईडबाईंनी हात पुढे केला, तो तिने झटकला. मग टाकीकडेच बघत म्हणाली, "मला ती नोंद बघायची आहे. माझ्या डोळ्यांनी. आता तुमच्या तोंडावर माझा विश्वास नाही."

मॅनेजरने साफ नाही म्हटलं. सोमवारी पाहुण्यांना बेटावर परवानगी नव्हती, म्हातारी पडली-झडली तर जबाबदारी कोणाची, आणि मुळात असलं उकरून काढायचंच कशाला? "मॅडम, तुम्ही लोकांची मजा घालवताय," तो म्हणाला. "त्या घरी खूश होऊन गेल्या असत्या."

गाईडबाईंनी सामानाच्या लाँचच्या तांडेलाला गाठलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग विचारलं, "कोण लागतात तुमच्या?"

"मावशी."

सोमवारी पिण्याच्या पाण्याचे कॅन, दोन रंगाचे डबे आणि त्या दोघी असे सगळे बेटावर उतरले. सूनबाईंना काम होतं. दप्तराच्या खोलीत गाईडबाईंनी खुर्ची पुसली, वही उघडली, ओळीवर पट्टी ठेवली.

म्हातारीने भिंग आणलं होतं. नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं, मान हलवली. वय, धंदा, गुन्हा. शेवटच्या रकान्यावर भिंग बराच वेळ थांबलं. मग उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काही होतं, ते तिला लागेना. "हे काय आहे?"

"मागे राहिलेलं सामान, मावशी. सदरा एक, चष्मा एक."

"चष्मा?" म्हातारीने भिंग खाली ठेवलं. "मामाला चष्मा नव्हता."

गाईडबाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "माणूस तोच आहे, मावशी. नाव, वडिलांचं नाव—"

"माणूस तोच आहे," ती म्हणाली. "त्याला इथे चष्मा लागला असेल. खिळे जुळवून डोळे गेले असतील, नाहीतर या अंधारात. आम्हाला कुणाला कळलंच नाही." आणि मग ती रडली. फार नाही. पदराने भिंग पुसलं, स्वतःच्या हाताने ती ओळ कागदावर उतरवून घेतली आणि म्हणाली, "ती पाटी काढा."

पाटी काढणं गाईडबाईंच्या हातात नव्हतं. त्यांनी कंपनीला लेखी अर्ज दिला, गोष्ट मी रचली, मी जबाबदार. कंपनीने उत्तर दिलं की पाटी तुरुंगाच्या देखभाल खात्याची. देखभाल खात्याने कळवलं की मजकूर कंपनीने पुरवला, बदल त्यांनीच सुचवावा. नवऱ्याने दोन्ही पत्रं वाचली. तो आता निवृत्त होता. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट आहे ही," तो म्हणाला. "आतून कितीही बटणं दाबलीस तरी हलायची नाही." गाईडबाईंना हसू आलं नाही. त्यांनी तिसरा अर्ज लिहिला.

मधल्या काळात त्या कोठडीत खरं काय ते सांगायला लागल्या. लोक म्हणत, "म्हणजे चमचेवाला नव्हताच? मग आम्ही आलो कशाला?" तक्रारी गेल्या. एकाने लिहिलं, गाईड चिडखोर आहे आणि गोष्ट अर्धवट सांगते. दोन महिन्यांत मॅनेजरने त्यांना बेटावरून काढून मत्स्यालयात घातलं. "आराम आहे मॅडम, जिने नाहीत, एसी आहे."

आता त्या सकाळी दहा ते सहा माशांची माहिती सांगतात. पाठ केलेली, छापील, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणतात. भिंतीवरच्या चित्राबद्दल कोणी विचारलं तर सांगतात, "ते खोटं आहे, मीच रचलं होतं." लोकांना वाटतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हसतात, एखादा टाळीही देतो. तेव्हा त्यांना काचेवर डोकं आपटावंसं वाटतं.

म्हातारीने त्यांना माफ केलेलं नाही, आणि तसं ती कधी म्हणालीही नाही. मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन येतो.

"काढली का?"

"नाही, मावशी. पाचवा अर्ज दिलाय."

"बरं," म्हातारी म्हणते आणि फोन ठेवते.